सोळा ओळींची मेहनत पडद्यावर दिसलीच नाही

नमस्कार, नाशिककर श्रोतेहो.

टुपाक शकूर या अमेरिकी रॅपरवरचा ‘ऑल आईज ऑन मी’ हा चित्रपट १६ जून २०१७ रोजी, म्हणजे त्याच्या जन्मतारखेला आला. दिग्दर्शक बेनी बूम. नायक डिमेट्रियस शिप ज्युनियरचा चेहरा टुपाकशी इतका जुळतो की पाहणारा चकतोच. पण नुसत्या चेहऱ्यावर सव्वादोन तास निभत नाहीत.

बिघडलं ते पटकथेत. सुरुवातीला तुरुंगात एक पत्रकार त्याची मुलाखत घेतो आणि त्या ओघात जुने प्रसंग येतात. टुपाक सुटला की मुलाखतही संपते, आणि गोष्टीला धरायला काही उरत नाही. मग नुसती हजेरी लागते: डेथ रो ही रेकॉर्ड कंपनी, बिगी या रॅपरशी वैर, टुपाकचा जीव घेणारा लास वेगासचा गोळीबार. आई अफेनी ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या चळवळीतली. पोटुशी असताना तिनं कोर्टात स्वतःची बाजू स्वतः लढवली, निर्दोष सुटली, आणि साधारण महिन्याभरानं टुपाक जन्मला. एवढ्यावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता! दनाई गुरिरानं ही आई जीव ओतून केली आहे, पण वाट्याला तुकडेच आले.

शाळेपासूनची मैत्रीण जेडा पिंकेट हिनं तर उघडच सांगितलं, की चित्रपटात दाखवलीय ती कविता टुपाकनं मला कधी वाचून दाखवली नव्हती, आणि लॉस एंजेलिसला जाताना तो माझा निरोपही घेऊन गेला नव्हता. कलाकारांचं तिनं कौतुकच केलं, हेही खरं.

पण खरी तक्रार वेगळी आहे. रॅप तयार कसा होतो, ते दिसतच नाही. रॅपचं एक कडवं साधारण सोळा मात्राखंडांचं, म्हणजे बार्सचं. एका बारमध्ये चार ठोके; मिनिटाला ९० ठोके धरले तर एका बारला पावणेतीन सेकंदांहून थोडं कमी, आणि अख्खं कडवं ४३ सेकंदांत संपतं. एवढ्यात श्वास कुठे चोरायचा, हे लिहितानाच ठरवावं लागतं. नाहीतर ओळीचं शेपूट गिळलं जातं. टुपाक तर तेच कडवं पुन्हा रेकॉर्ड करून पहिल्या आवाजावर चढवायचा. दुसरा आवाज कणभर मागेपुढे झाला तर शब्द फाटतात. नेमका बसला तर आवाज भरदार होतो. ढोल-ताशाच्या सरावात एक टिपरू उशिरा पडलं की सगळं पथक वळून बघतं, तसंच हे. कॅमेऱ्यानं तीन मिनिटं माईकपाशी थांबायला हवं होतं. स्टुडिओ येतो, पण घाईत.

म्हणून आधी १९९५ चं ‘डियर मामा’ हे गाणं ऐका, तेही इअरफोन लावून, आणि श्वासाच्या जागा हेरा. मग अ‍ॅलन ह्यूज यांची त्याच नावाची पाच भागांची माहितीमालिका पाहा. २०२३ ची आहे. त्यात आई आणि मुलगा दोघांनाही पुरेसा वेळ मिळाला आहे.