जागा किती आहे?

नमस्कार श्रोतेहो.

'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' पावसाळ्यात हे वाक्य याच रेडिओवर आपण कितीदा ऐकतो, आणि खानदेशात त्यासाठी कोणी हातातलं काम थांबवत नाही. आपण आभाळाकडे बघतो ते कपाशीसाठी. दर्या आपल्याला ठाऊक नाही, ठाऊक आहे ती तापी. पण बोट बुडते कशी, हे मला तापीनंच शिकवलं, प्रकाशा गावच्या काठावर.

एक म्हातारे भोईबाबा होडीतलं पाणी उपसत होते. भांडं म्हणजे तिरपा कापलेला तेलाचा डबा. पाणी जेमतेम घोट्याएवढं. म्हटलं, "बाबा, एवढ्याशा पाण्यानं काय होतं?" ते काही बोलले नाहीत, नुसती होडीची डावी कड दाबली. आतलं सगळं पाणी धावत डावीकडे गेलं आणि होडी आणखी कलली. मग म्हणाले, "पानीले कोनी वयख नही ऱ्हास." पाण्याला कोणाची ओळख नसते.

परातीत पाणी घेऊन घरभर फिरून बघा, लगेच कळेल. समुद्रातले मोठे ट्रॉलरही पुष्कळदा असेच जातात. खणाचं झाकण उघडं राहतं, जाळं तळाशी अडकतं, किंवा मागून आलेली लाट डेकवरून आत शिरते. आत शिरलेलं पाणी ज्या बाजूला जहाज कलेल त्याच बाजूला धावतं. बराच वेळ सगळं ठीकठाक वाटतं, आणि मग वायरलेसवर हाक मारायलाही उसंत मिळत नाही.

'अलास्का रेंजर' नावाच्या मासेमारी जहाजाला ती उसंत मिळाली. २३ मार्च २००८ ची पहाट, बेरिंग समुद्र, जहाजावर ४७ माणसं. सुकाणूच्या खोलीत पाणी शिरलं होतं. खलाशांनी अंग झाकणारे, पाण्यावर तरंगणारे लाल पोशाख चढवले आणि बर्फासारख्या पाण्यात उतरले. अमेरिकी तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं अंधारात पोचली तेव्हा खाली लाटांवर विखुरलेले दिवे लुकलुकत होते. प्रत्येक दिव्याखाली एक माणूस.

आता हेलिकॉप्टरात जागा किती? गोष्ट इथेच अडते. तारेला बांधलेला पाळणा एकेकाला वर घेतो, इंधनाचा काटा खाली येत राहतो. लहान हेलिकॉप्टर भरत आलं, तेव्हा पाण्यात उतरलेल्या जवानानं आपली जागा एका खलाशाला दिली आणि स्वतः रबरी तराफ्यावर उरलेल्यांसोबत थांबला. त्या दिवशी ४२ जण वाचले, पाच गेले.

नेहमी असं जमतंच असं नाही. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळच्या समुद्रात 'हरी लीला' या टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला आपल्या तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर निघालं. याच हेलिकॉप्टरनं थोड्याच दिवसांपूर्वी गुजरातच्या पुरातून ६७ जणांना वाचवलं होतं. ते समुद्रात कोसळलं. आतल्या चौघांपैकी एकच वाचला. वैमानिकाचा मृतदेह सापडायला महिन्याहून जास्त काळ गेला.

पोरबंदर लांब वाटत असेल, तर धुळ्याचं सांगतो. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला आपल्या धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी गेली होती. त्यांचीच बोट उलटली. तीन जवान गेले. समुद्र नव्हता, वादळ नव्हतं, नदी होती. आपल्याकडे मात्र पूर आला की पुलावर उभं राहून मोबाईलवर चित्रण करणारे आधी जमतात. दोर घेऊन येणारा एखादाच. असो.

समुद्रात अडकलेल्यासाठी आपल्या तटरक्षक दलाचा क्रमांक आहे १५५४. सुरतेला, वेरावळला बोटीवर कामाला गेलेला कोणी घरातला, गावातला असेल, तर त्याला हा लिहून द्या.

परवा पुन्हा प्रकाशाला गेलो होतो. बाबांना अलास्काची गोष्ट सांगितली. ४२ वाचले म्हटल्यावर ते काहीच बोलले नाहीत. डबा दोन-तीनदा बुडवला, पाणी बाहेर टाकलं, आणि मग विचारलं, "तो तराफावर ऱ्हायना तेले काढं का मंग?"

म्हटलं, "काढलं, बाबा. दुसरं हेलिकॉप्टर इंधन भरून परत आलं."

"हां," म्हणाले, आणि होडी सोडली.