कवटीच्या तळाशी ऑपरेशन चालू असताना डोळ्यांच्या नसा कशा सांभाळतात?

नमस्कार मंडळी. मेंदूच्या ऑपरेशनआधी आपल्या कोल्हापुरातले नातेवाईक काय विचारतात, ते आता मला पाठ झालंय. "जिवाला धोका न्हाई न्हवं? हातपाय चालतील की?" डोळ्यांचं विचारलंच, तर "दिसंल न्हवं?" एवढंच. पण दिसणं वेगळं आणि डोळा हलणं वेगळं. नजर शाबूत आहे, पण एक डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही, म्हणजे समोरचा एक माणूस दोन दिसणार. हुपरीत पैंजणांना घुंगरू जोडणाऱ्या कारागिराला हे झालं, तर त्याचं हातातलं कामच गेलं.

डोळा हलवणाऱ्या नसा तीन. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी तिसरी, चौथी आणि सहावी. तिसरीकडं सगळ्यात जास्त कामं: डोळा वर, खाली, आत नेणं, शिवाय पापणी उचलणं. सहावी फक्त बाहेर ओढते. चौथी सगळ्यात बारीक, एकच स्नायू चालवते आणि मेंदूच्या देठाच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या, मागच्या बाजूनं निघणारी ही एकटीच. ती गेली की माणूस जोतिबाच्या पायऱ्या चढतो बिनघोर, पण उतरताना त्याला एकाच पायरीच्या दोन दिसायला लागतात. मग तो नकळत मान एका खांद्याकडं कलती धरतो.

आता गाठ कॅव्हर्नस सायनसमध्ये, म्हणजे डोळ्यामागं कवटीच्या तळाशी असलेल्या रक्ताच्या पोकळीत, असेल, तर तिसरी आणि चौथी त्याच्या बाजूच्या भिंतीत असतात आणि सहावी थेट आत, मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला चिकटून. गाठीनं वर्षानुवर्षं दाबलेली नस कांद्याच्या पापुद्र्यासारखी पसरते. मायक्रोस्कोपखालीसुद्धा गाठीचं आवरण कुठलं आणि नस कुठली, हे ओळखू येत नाही. इथं आमचं, म्हणजे ऑपरेशन चालू असताना नसांवर लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरिंगवाल्यांचं, काम सुरू होतं.

पेशंट झोपल्यावर डोळ्याच्या खोबणीत बारीक सुया जातात. बुबुळाला नाही हां, घाबरू नका. सहाव्या नसेसाठी बघा: डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी बोटानं डोळा हलकेच आत सारायचा आणि हाडाच्या कडेला धरून सुई सरकवायची. टोक सोडून बाकी सुईवर आवरण असतं, म्हणजे शेजारच्या स्नायूची वटवट कमी ऐकू येते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगितलेलं असतं, की नळी घालताना स्नायू सैल करणारं औषध द्या, नंतर नको. स्नायूच ढिला पडला तर उत्तर कोण देणार? तेवढ्यावरून आमची दोघांची रोज थोडी कुरबुर असतेच.

मग स्पीकर चालू, म्हणजे सुयांनी टिपलेली स्नायूतली विजेची हालचाल आवाजात ऐकू येते. नसेला ओढ बसली, धक्का लागला, की तडतड ऐकू येते. सुटी तडतड झाली तर आम्ही नुसतं सांगतो. सलग लांब तान लागली, तर सर्जन हात थांबवतात, ओढ सोडतात, कोमट सलाइन घालतात. कोमटच, कारण गार पाण्यानंसुद्धा नस बोंबलते आणि उगाच सगळ्यांचा जीव वर.

पण माझं मत स्पष्ट आहे: शांत स्पीकरवर विसंबू नका. धारदार कात्रीनं नस एका फटक्यात कापली, तर कधीकधी आवाजच येत नाही. रक्त थांबवायला कॉटरी चालू असते तेव्हा तर आम्हाला काहीच ऐकू येत नाही. म्हणून नसेला विचारावं लागतं. सर्जन बारीक प्रोबनं अगदी थोडा करंट देतात, मिलिॲम्पिअरच्या हिशेबातला. बाहेरच्या स्नायूनं काही मिलिसेकंदांत उत्तर दिलं, तर तिथं सहावी आहे. चेहऱ्याच्या सातव्या नसेचं उत्तर त्यापेक्षा उशिरा येतं, त्यामुळं दोघींची गल्लत होत नाही. उत्तर आलंच नाही, तर लगेच "जागा मोकळी" म्हणायचं नाही. आधी ओळखीच्या नसेवर प्रोब लावून बघायचं. तीही गप्प असेल तर वायर तपासा, औषध तपासा.

ब्रेनस्टेममधल्या गाठीला हेच तंत्र, फक्त प्रोब चौथ्या व्हेंट्रिकलच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मागच्या पाण्याच्या पोकळीच्या, तळावर फिरतो. तिथं सहावीच्या केंद्राला सातवीचे तंतू वळसा घालतात, म्हणून आत शिरण्याआधी कुठं हात लावायचा नाही ते ठरवून घेतात. दोन डोळ्यांना जोडीनं फिरवणारी आतली जोडणी मात्र या सुयांना कळत नाही. बाहुली लहानमोठी होणंही नाही.

तर नातेवाईकांनो, तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: "मॉनिटरिंगमध्ये डोळ्याचे स्नायू घेणार का?" पुष्कळदा फक्त चेहऱ्याची नस घेतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा, कारण खोबणीत सुईनं रक्त साकळू शकतं. ऑपरेशननंतर पापणी थोडी काळीनिळी दिसली तर ती सुईची खूण असू शकते, पण डोळा फुगून पुढं आला किंवा दिसायला कमी झालं तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारा. आणि एकाचे दोन दिसायला लागले, तर एका डोळ्यावर पट्टी किंवा प्रिझमचा चष्मा चालतो. तिरळेपणाच्या ऑपरेशनची घाई करत नाहीत, नसेला सावरायला काही महिने देतात.

पुढच्या व्हिडिओत सातवी नस. प्रश्न खाली लिहा.