पाठीमागचे टाके

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, अलाबामा नदीने घेतलेल्या एका मोठ्या वळणाच्या आत, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले जीज बेंड नावाचे गाव आहे. सरकारदरबारी १९४९ पासून त्याचे नाव बॉयकिन असले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. या गावातील कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिवलेल्या गोधड्या आज अमेरिकेतील मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर टांगलेल्या आहेत आणि प्रत्येक गोधडीखाली ती करणाऱ्या एका बाईचे नाव लावलेले आहे. ते नाव तिथे असायलाच हवे. मात्र आम्हाला सांगायचे आहे ते त्या नावामागे राहून गेलेल्या हातांविषयी.

गोधडी हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो आहोत. तिकडे तिला क्विल्ट म्हणतात. आपल्याकडे गोधडीच्या पोटात जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर घालतात, तर जीज बेंडमध्ये कापूस घालत. तोही बाजारातला नव्हे, तर जिनिंगच्या फरशीवरून झाडून आणलेला किंवा वेचणीनंतर शेतात उरलेला. घरी आणून तो काठीने झोडपून मोकळा करायचा, पसरायचा आणि वर-खाली कापड घालायचे. कापड म्हणजे फाटक्या विजारी, सदरे, परकर, पिठाची आणि खताची रिकामी पोती. हे सारे पाहिल्यावर मराठी माणसाला दुसरा शब्द सुचणार नाही.

या कामाचे दोन भाग पडतात आणि या गावाची गोष्ट समजून घ्यायची तर ते नीट ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला भाग वरच्या जोडकामाचा. कोणता तुकडा कशाशेजारी बसेल, निळ्याला लागून तांबडा घ्यायचा की पांढरा, पट्टी कुठे मोडायची, हे प्रत्येक बाई आपल्या घरी, आपल्या मनाने ठरवी. त्यातली एक लाडकी मांडणी ‘हाउसटॉप’ या नावाने ओळखली जाते. मधोमध एक चौकोन, त्याभोवती पट्ट्यांचा दुसरा, त्याभोवती तिसरा, जणू घराचे छप्पर वरून पाहावे तशी. एकाच मांडणीच्या दहा जणींच्या दहा गोधड्या दहा तऱ्हांच्या होत, आणि दुसरीची हुबेहूब नक्कल करण्यात कोणाला भूषण वाटत नसे.

दुसरा भाग टाके घालण्याचा, आणि तिथे शेजारणी येत. तिन्ही थर एका लाकडी चौकटीवर ताणून बसवायचे, चौकटीच्या कडांना बायका बसायच्या आणि कडेकडून आत धावदोरा घालत जायचे. एक हात कापडाच्या वर, एक खाली. वरच्या हाताने सुई खुपसायची, खालच्या बोटांनी ती चाचपून परत वर धाडायची. शिवून झालेला भाग गुंडाळला की बसलेल्या बायका हळूहळू एकमेकींच्या जवळ येत जातात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, असा क्रम हिवाळाभर चाले. सोबत चर्चमधली भक्तिगीते असत, प्रार्थना असे, आणि घरोघरची सुखदुःखेही असत. आपल्याकडे शेतकरी जशी सावड करतात, आज तुझ्या रानात तर उद्या माझ्या, तशीच ही सुईची सावड होती.

या गावाचे १९३७ सालचे एक छायाचित्र आहे. आर्थर रॉथस्टीन या छायाचित्रकाराला सरकारने या गावी पाठवले होते. जोरिना पेटवे ही बाई आणि तिच्याबरोबर दोन मुली गोधडीच्या कामाला बसलेल्या आहेत. याच मालिकेतील दुसऱ्या छायाचित्रात एक मुलगी खिडकीत उभी आहे आणि खिडकीच्या झडपेवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले आहेत. फटींतून येणारा वारा अडवायला भिंतींवर कागद आणि अंगावर गोधडी, एवढाच थंडीवर इलाज होता.

पेटवे हे आडनाव या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे आणि त्यामागे दुखरा इतिहास आहे. १८१६ मध्ये जोसेफ जी नावाच्या जमीनदाराने येथे कापसाचा मळा वसवला. गावाला नाव त्याचे मिळाले. १८४५ मध्ये मळा मार्क पेटवे याच्या हाती आला आणि त्याच्या गुलामांना नॉर्थ कॅरोलिनाहून येथवर पायी चालवत आणण्यात आले. गुलामगिरी संपली, तरी मालकाचे आडनाव आणि कापसाची शेती दोन्ही मागे राहिली. पुढे १९३२ मध्ये उधारीवर माल देणारा एक व्यापारी वारला आणि त्याच्या वारसांनी वसुलीसाठी गावातील कुटुंबांची अवजारे, जनावरे आणि साठवलेले धान्यसुद्धा ओढून नेले. तो हिवाळा गावाने मदतीच्या अन्नावर काढला. अशा गावात पोत्याचा तुकडाही कोणी टाकून देत नाही.

आता एका गोधडीजवळ थोडे थांबू या. ती मिझूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये केली. त्यांचे पती आठ महिने आजारी राहून वारले होते. त्यांचे शेतात घालायचे कपडे मिझूरी यांनी उसवले आणि मुलगी आर्लोन्झिया हिला मदतीला घेऊन त्यांची गोधडी केली. नवऱ्याची आठवण राहावी आणि ती मायेने अंगावर पांघरता यावी, अशी आईची इच्छा होती, असे आर्लोन्झिया यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले. विटून गेलेला निळा, राखाडी, मळकट पांढरा, आणि मध्येच तांबड्या कॉर्डरॉयचे, म्हणजे उभ्या रेघांच्या जाड कापडाचे, तुकडे. कापडाचा रंग उन्हाने उडाला आहे, तोही सगळीकडे सारखा नाही. जिथे शिवण उसवली, तिथे मूळचा गडद रंग रेघेसारखा शिल्लक आहे. घामाने आणि धुण्याने झिजलेले हे कापड पाहताना तो माणूस कसा वाकून काम करत असेल, हेसुद्धा डोळ्यांपुढे येते.

सगळ्यांनाच शेजारणींचे हात मिळाले, असे मात्र नाही, आणि ते झाकून ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही. लोरेटा पेटवे यांना शिवणकामाची आवड नव्हती, असे त्यांनीच सांगितले आहे. मुलांना थंडी वाजत होती, मदत मागून मिळाली नाही, म्हणून त्या एकट्याच शिवत राहिल्या. चौकटीपाशी बसलेल्या बायकांची मैत्री किती मोलाची होती, हे ज्यांना ती लाभली नाही त्या लोरेटाबाईंच्या कहाणीतून अधिक कळते.

१९६५ च्या फेब्रुवारीत, कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण या गावात झाले. मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी नदीपलीकडच्या कॅम्डेनला जावे लागे, आणि तिकडे नेणारी फेरीबोट १९६२ मध्येच बंद करण्यात आली होती. काही मिनिटांच्या वाटेसाठी आता सुमारे ६५ किलोमीटरचा वळसा होता. नाव नोंदवल्याबद्दल परिसरातील कित्येक कुटुंबांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात फ्रान्सिस वॉल्टर हे धर्मोपदेशक या भागातून जात असता त्यांना एका घरापुढे दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. गोरा माणूस दारी आलेला पाहून घरातली बाई रानात निघून गेली. त्या काळात गोरा माणूस दारी येणे म्हणजे काय होते, ते यावरून समजावे. वॉल्टर पुन्हा गेले, गोधड्या विकत घेतल्या, न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव केला, आणि १९६६ च्या मार्चमध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. ‘बी’ म्हणजे सर्वांनी एकत्र जमून करायचे काम. एस्टेल विदरस्पून यांनी संस्थेचा कारभार अनेक वर्षे सांभाळला. संस्थेने २३ एकर जमीन घेतली, १९६९ मध्ये स्वतःची इमारत बांधली आणि घराबाहेर काढलेल्या काही कुटुंबांना त्याच जमिनीतून जागा दिली. आमच्या मते संस्थेच्या हिशोबवहीतील सर्वांत मोठी नोंद हीच आहे.

दुकानांसाठी काम करायचे म्हणजे टाका सारखा हवा आणि एकासारखा दुसरा नग हवा, ही शिस्त बायकांना नवी होती. १९७२ पासून सिअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीसाठी कॉर्डरॉयचे अभ्रे शिवले जाऊ लागले. कापून उरलेले सोनेरी, हिरवे, नारिंगी, लाल तुकडे घरोघर गेले आणि त्यांच्या गोधड्या झाल्या. कामाच्या जागी मोजूनमापून शिवायचे आणि घरी आल्यावर आपल्या मनासारखे, असे दोन्ही एकाच वेळी चालले होते.

२००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथे जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन झाले आणि गाव जगाला माहीत झाले. २००६ मध्ये १० गोधड्यांची टपाल तिकिटे निघाली. त्याच वर्षी, ४४ वर्षांनी, नदीवरची फेरीबोट पुन्हा सुरू झाली. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, लूसी मिंगो आणि लोरेटा पेटवे यांना लोककलेसाठीचा राष्ट्रीय सन्मान एकत्रित मिळाला. एके काळी एकटीने शिवणाऱ्या लोरेटाबाईंचे नाव त्यात दोन गावकरणींच्या शेजारी आहे.

भिंतीवर लावलेली गोधडी समोरूनच दिसते. तिची पाठ भिंतीकडे असते, आणि टाके मोकळेपणी दिसतात ते पाठीवर, कारण तिथे रंगांची मांडणी लक्ष वेधून घेत नाही. कोणाचा टाका बारीक, कोणाचा लांब, एक ओळ सरळ तर दुसरी किंचित कलती.

जीज बेंडमध्ये गोधड्यांना ऊन-वारा देण्याची जुनी चाल आहे. हिवाळा सरला की त्या दोरीवर पडत. २०२२ पासून ऑक्टोबरमध्ये गावात त्याचा उत्सव भरतो, दूरदूरची माणसे येतात, आणि दोरीवर टाकलेली गोधडी वाऱ्याने उलटली की तिची पाठही दिसते.