इलिनॉयच्या बॅनरखाली

३ मार्च १९१३. वॉशिंग्टनचा पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यू. उद्या वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेणार आहेत आणि आज हजारो बायका मताचा हक्क मागत रस्त्यावर उतरल्यात. पांढऱ्या घोड्यावर इनेझ मिलहॉलंड, मागे बँड, बॅनर, सजवलेले रथ.

या मोर्चात इलिनॉय राज्याची तुकडी आहे आणि तिच्यासोबत शिकागोहून आयडा बी. वेल्स आल्या आहेत. १८६२ साली मिसिसिपीत, गुलामगिरीत जन्मलेल्या. लिंचिंगविरुद्ध लिहिलं म्हणून १८९२ मध्ये मेम्फिसच्या जमावाने ज्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी उद्ध्वस्त केली, त्या पत्रकार. याच जानेवारीत त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांचा, मताधिकारासाठी झटणारा अल्फा सफ्रेज क्लब काढलाय.

त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही मागे चाला, कृष्णवर्णीयांच्या तुकडीत. दक्षिणेच्या गोऱ्या बायकांना चालणार नाही.

दक्षिणेची एवढी मनधरणी कशासाठी? स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या घटनादुरुस्तीला ४८ पैकी ३६ राज्यांची मंजुरी हवी होती. हा हिशेब जुनाच. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी उभे राहिले होते कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस. १८९५ मध्ये मताधिकार चळवळीचं अधिवेशन दक्षिणेत, अटलांटाला होतं. तिथे येऊ नका, असं चळवळीच्या नेत्या सुझन अँथनींनी त्यांनाच सांगितलं. स्वतः अँथनींनीच हे वेल्सना सांगितलं होतं. सगळ्यात बोचतं ते हेच: ज्यांनी हात दिला, त्यांनाच दाराबाहेर ठेवलं.

वेल्सनी साफ नकार दिला. चालेन तर इलिनॉयच्या बॅनरखाली, नाहीतर चालणारच नाही. मोर्चा निघाला तेव्हा त्या तुकडीत दिसेनात. आणि मग बघ्यांच्या गर्दीतून अचानक पुढे येऊन बेल स्क्वायर आणि व्हर्जिनिया ब्रुक्स या दोन गोऱ्या सहकाऱ्यांच्या मधोमध चालू लागल्या. शिकागोच्या वर्तमानपत्रात दोन दिवसांनी छापून आलेला फोटो पाहा. तिघी एका रांगेत, मध्ये वेल्स.

१९२० मध्ये घटनादुरुस्ती झाली. दक्षिणेत कृष्णवर्णीय स्त्रिया मतदार नोंदणीला गेल्या, तेव्हा त्यांच्यापुढे साक्षरता परीक्षा आली, मतदान कर आला, धमक्या आल्या. १९२१ मध्ये त्यांच्या प्रतिनिधी ॲलिस पॉल यांच्याकडे मदत मागायला गेल्या. १९१३ चा तो मोर्चा उभा केला होता याच पॉल यांनी. त्यांचं म्हणणं पडलं, हा वंशाचा प्रश्न आहे, स्त्रियांचा नाही.

वेल्स १९३१ मध्ये गेल्या. हे अडथळे मोडणारा मतदान हक्क कायदा व्हायला १९६५ साल उजाडलं.