दोन पावसाळ्यांमधलं घर
परदेशात राहून कोकणात बांधकाम : माहितीपटाचं निवेदन

(दृश्य : रत्नागिरी जिल्ह्यातली एक वाडी. लाल मातीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा. चार कोपऱ्यांत खुंट्या, त्यांना ताणलेली दोरी.)

ऑक्टोबर उजाडलाय. पाऊस ओसरलाय, जमीन अजून ओली आहे. घराची आखणी झाली आहे, आणि घराचा मालक दुबईत मोबाईलच्या पडद्यावर ती पाहतो आहे.

दोरी सरळ दिसते, रेघा छान दिसतात. पण दिसण्यावर जायचं नाही. घर 30 बाय 40 फूट असेल, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही तिरपी अंतरं बरोबर 50 फूट भरली पाहिजेत. एक 49 फूट 8 इंच आणि दुसरं 50 फूट 4 इंच आलं, तर काटकोन चुकला आहे. तो चुकला की भिंती, फरशी, छपराचे वासे, सगळं शेवटपर्यंत तिरकं जातं. आज दोरी हलवायला पाच मिनिटं लागतात, पाया भरल्यावर ती सोय राहत नाही. म्हणून टेप लावतानाचं दृश्य मागायचं, आणि टेपवरचा आकडा कॅमेऱ्यात वाचता आला पाहिजे.

लांबून घर बांधताना हे एकच सूत्र धरून चालायचं. जे काम उद्या झाकलं जाणार आहे, ते आज पाहायचं, आणि पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता सोडायचा नाही.

(दृश्य : पावसाने भरलेला, कडा ढासळलेला पायाचा खड्डा.)

बहुतेक कामं फसतात ती कॅलेंडरमुळे. चाकरमानी सुट्टीवर येतो मे महिन्यात. मुलांच्या शाळा बंद, आंबे आहेत, सगळे जमलेत, तर भूमिपूजन उरकून पायाही खणून घेऊ, असं ठरतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पडतो. खणलेला पाया तळं होतो, कडा आत कोसळतात, आणि दसऱ्याला तोच पाया पुन्हा खणावा लागतो, पुन्हा पैसे देऊन.

कोकणात बांधकामाचे खरे महिने ऑक्टोबर ते मे. नोव्हेंबरअखेर जोतं, जानेवारीअखेर भिंती, आणि स्लॅब फेब्रुवारीत, शिमग्याच्या आधी. शिमग्याला गावातले गवंडी आणि मजूर पालखीबरोबर असतात, त्या दिवसांत कामाची तारीख धरूच नये. पुढे एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. स्लॅब तेव्हा ओतला तर तो पक्का होईपर्यंत त्यावर पाणी मारायला टँकर आणावा लागतो, आणि टँकर महाग पडला की पाणी कमी मारलं जातं. छप्पर मेच्या मध्यापर्यंत पूर्ण हवं. प्लास्टर, वायरिंग, नळ ही आतली कामं भर पावसातही चालतात.

वर्षातून एकदाच येणं जमत असेल, तर वास्तुशांतीपेक्षा आखणी आणि पायाच्या दिवसांचा विचार आधी करा. ते पंधरा दिवस जागेवर असणं सगळ्यात मोलाचं.

(दृश्य : तलाठी कार्यालय. टेबलावर सातबारा आणि मोजणीचा नकाशा.)

ऑक्टोबरात दोरी ताणायची, तर कागद त्याच्या वर्षभर आधी हातात घ्यावे लागतात. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर पहिली वारस नोंद. जमीन सामाईक असेल, तर चुलत्यांशी वाटप करून आपल्या हिश्श्याचा वेगळा सातबारा. तोंडी वाटणी गावात सगळ्यांना मान्य असते, पण बँकेला आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाला ती चालत नाही. मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, घ्यायची. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, हीच हद्द असं धरून बांधलेली घरं पुढे वर्षानुवर्षं कोर्टात अडकतात.

अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. जागा समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत किंवा खाडीकाठी असेल, तर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आधी तपासायचे. आणि ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हाती आला म्हणजे बांधकाम परवानगी मिळाली, असं नव्हे.

कुलमुखत्यारपत्र भावाला द्या किंवा मित्राला, पण त्यात कामं नेमकी लिहा : अर्ज करणं, मोजणीला हजर राहणं, वीजजोडणी घेणं. जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार त्यात घालायचं कारण नाही. भारतीय दूतावासात सही झालेलं मुखत्यारपत्र इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. बऱ्याचदा हा कागद तसाच कपाटात पडून राहतो आणि ऐन वेळी निरुपयोगी ठरतो.

(दृश्य : सळयांचा ट्रक उतरतोय. वजनकाटा.)

आता साहित्य. 12 मिलिमीटरच्या 12 मीटर लांब सळईचं वजन सुमारे 10.66 किलो. दहा सळया काट्यावर ठेवल्या की साधारण 106 ते 107 किलो यायला हवं. मानकाप्रमाणे 5 टक्के कमीजास्त चालतं. 101 किलोच्या खाली काटा गेला, तर तो माल परत.

वाळू आणि खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. डंपरच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणायची आणि 100 ने भागायचं. वाळू खाडीची असेल तर नको म्हणा. तिच्यातलं मीठ सळई आतून गंजवतं. गंजलेली सळई फुगते, आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे डोक्यावर पडू लागतात. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घ्या.

(दृश्य : स्लॅबची सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी टेकूंवर बसवलेल्या फळ्या. सळयांच्या जाळीखाली बोटभर उंचीचे सिमेंटचे ठोकळे.)

हे ठोकळे नीट पाहा. यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. सळई आणि फळी यांच्यात स्लॅबला किमान 20, तुळईला 25 आणि खांबाला 40 मिलिमीटर काँक्रीट राहावं, म्हणून ते असतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावरच्या घराला हेच अंतर 45 मिलिमीटर हवं, आणि काँक्रीट एम-30 दर्जाचं. एम-पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो. ठोकळ्यांऐवजी खडीचे तुकडे सरकवलेले दिसले, तर काँक्रीट थांबवा.

स्लॅबच्या दिवशी हिशेब सोपा आहे. 1,000 चौरस फूट, जाडी 5 इंच, म्हणजे 417 घनफूट, जवळपास 11.8 घनमीटर. एम-20 काँक्रीटला घनमीटरमागे 8 पोती सिमेंट लागतं, म्हणजे सुमारे 95 पोती. तुळया वेगळ्या धरायच्या. संध्याकाळी रिकामी पोती मोजून फोटो मागवा. 70 भरली, तर स्लॅबमध्ये काय पडलं ते उघड आहे. पोत्यावरची तारीखही वाचा, तीन महिन्यांहून जुनं सिमेंट नको. पाणी पोत्याला 25 ते 30 लिटर. काँक्रीट सहज पसरावं म्हणून मजूर पाइप सोडतात, तो थांबवायला माणूस हवा.

तो माणूस ठेकेदाराचा नसावा. पगारावर वेगळा अभियंता नेमा, त्याने त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे भरून ताकद तपासायला 7 आणि 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून घ्यावेत. रत्नागिरीत सकाळचे आठ वाजतात तेव्हा दुबईत साडेसहा, आणि हिवाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ. म्हणजे दोन्हीकडून काम सुरू होताना व्हिडिओवर हजर राहता येतं.

दोन आधारांमध्ये साडेचार मीटरपर्यंत अंतर असलेल्या स्लॅबचे टेकू 7 दिवस काढायचे नाहीत, त्यापुढे 14. सहा मीटरपर्यंतच्या तुळयांचे 14, त्याहून लांब असेल तर 21. फळ्या दुसऱ्या साइटवर हव्या असतात, म्हणून घाई होते. पाणी दोन आठवडे मारायचं. चारी कडांना मातीचे बांध घालून स्लॅबवर पाणी कोंडून ठेवलं की रोजची आठवण करावी लागत नाही.

(दृश्य : बँकेच्या ॲपवर पैसे पाठवणारा हात. मग जांभ्याची, प्लास्टर न केलेली भिंत.)

हप्ते तारखेला बांधू नका, कामाला बांधा. सुरुवातीला 10 टक्क्यांहून जास्त आगाऊ नको. मग पाया, जोतं, लिंटल (दार-खिडक्यांवरची आडवी पट्टी), स्लॅब, छप्पर. पैसे खात्यातून खात्यात, आणि नातेवाइकामार्फत रोख नाही. त्यात पैसे अडकतात आणि नातंही. दर स्लॅब एरियावर की आतल्या मापावर, पडवी आणि जिना कसे मोजायचे, हे करारात आकड्याने लिहा. भांडणं बहुतेक याच दोन ओळींवरून होतात.

शेवटचे 5 टक्के पहिला पावसाळा पाहून द्यायचे. जुलैत अभियंत्याला पाठवून स्लॅबच्या कडा, खिडक्यांचे कोपरे आणि पश्चिमेची भिंत आतून पाहायला सांगा. नैऋत्येचा पाऊस तिथेच आत शिरतो. पागोळ्या जोत्यापासून दूर पडतात का, तेही बघू दे. जांभा ओल धरून ठेवतो, तेव्हा बाहेरचा रंग नोव्हेंबरात, भिंत वाळल्यावर. ओल सापडली तर ठेकेदाराने ती काढून दाखवावी, फोटो यावेत, आणि मग ती रक्कम पाठवावी.