खाणीतले सिंह

(दृश्य : नेर्वियोन नदी. सकाळचं धुकं. दोन्ही काठांवर शहर.)

स्पेनच्या उत्तरेला, समुद्रापासून थोडं आत, नेर्वियोन नदीच्या काठी बिल्बाओ वसलं आहे. हा बास्क लोकांचा मुलूख, त्यांची भाषा आणि ओळख बाकी स्पेनहून वेगळी. आजूबाजूच्या डोंगरांत लोखंडाचं खनिज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते जहाजांत भरून ब्रिटनला जायचं, आणि येताना जहाजं दगडी कोळसा आणायची. सोबत माणसंही यायची. खलाशी, खाणकामगार, गोदीतले कारागीर. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी नदीकाठच्या मोकळ्या माळावर चेंडू लाथाडत, फुटबॉल खेळत बसायची. त्या माळाला बिल्बाओकरांनी नाव दिलं, ‘इंग्रजांचा माळ’. आज त्याच भागात गुगेनहाइम संग्रहालयाची चकाकती इमारत उभी आहे.

माळाच्या कडेला उभं राहून बघणारी पोरं स्थानिक होती. काही जण ब्रिटनमध्ये शिकून परत आलेले, त्यामुळे खेळ त्यांच्या ओळखीचा. त्यांनी इंग्रजांना सामन्याचं आव्हान दिलं, सपाटून मार खाल्ला, आणि पुन्हा खेळायला आले. यातूनच १८९८ साली क्लब जन्माला आला. नाव ठेवलं तेही इंग्रजी, ‘अ‍ॅथलेटिक क्लब’. बाहेरचं जग त्याला अ‍ॅथलेटिक बिल्बाओ म्हणतं. गावात नुसतं ‘अ‍ॅथलेटिक’ म्हटलं तरी पुरतं.

जर्सीसुद्धा इंग्लंडचीच. १९०९ च्या अखेरीस क्लबच्या एका सभासदाला, खुआन एलोर्दुईला, इंग्लंडहून निळ्या-पांढऱ्या जर्सी आणायला सांगितलं होतं. त्या काही मिळाल्या नाहीत. साउदम्प्टन बंदरात त्याला तिथल्या संघाच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी दिसल्या. बिल्बाओच्या झेंड्याचे रंग तेच! गठ्ठा उचलून तो बोटीत बसला. माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी १९०३ साली याच क्लबची शाखा काढली होती. त्या गठ्ठ्यातल्या काही जर्सी तिकडे गेल्या. ती शाखा म्हणजे आजचा अ‍ॅट्लेटिको माद्रिद. दोन्ही संघांच्या अंगावर आजही तेच पट्टे आहेत.

म्हणजे नाव परदेशी, कपडे परदेशी, खेळ शिकवणारेही परदेशी. आणि गेली शंभराहून अधिक वर्षं हाच क्लब म्हणतो आहे की आमच्याकडे खेळेल तो फक्त आमच्या मातीतला.

(दृश्य : सान मामेस स्टेडियम, रिकामं. गवतावर पाणी मारलं जात आहे.)

हे सुरू झालं एका भांडणातून. १९११ च्या राष्ट्रीय चषक स्पर्धेत अ‍ॅथलेटिकनं इंग्लिश खेळाडू उतरवले, आणि इतर क्लबांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यानंतर अ‍ॅथलेटिकनं परका खेळाडू घेणंच सोडलं. पुढं नियम बदलले, परदेशी खेळाडूंना दारं उघडली, स्पेनमध्ये जगभरचे तारे येऊन खेळून गेले. अ‍ॅथलेटिकनं मात्र ती सवय मोडली नाही. क्लबच्या घटनेत हा नियम तुम्हाला कुठंही लिहिलेला सापडणार नाही. तो रूढीनं चालत आला आहे, घरातल्या कुळाचारासारखा.

प्रशिक्षकाला हा नियम लागू नाही. क्लबाला खऱ्या अर्थानं घडवणारा फ्रेड पेंटलंड इंग्लिशच होता. डोक्यावर गोल टोपी, आणि आग्रह एकच, चेंडू आखूड पासनं पुढं न्यायचा. त्याच्या हाताखाली अ‍ॅथलेटिकनं १९३० ते १९३३ अशी सलग चार वर्षं चषक जिंकला. लीगही जिंकली, १९२९-३० ची तर एकही सामना न हरता. १९३१ च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाचा १२-१ असा धुव्वा उडवला, त्यात बाता या एकट्या खेळाडूनं सात गोल मारले. बार्सिलोनाचा लीगमधला इतका मोठा पराभव त्याआधी झाला नव्हता, त्यानंतरही नाही.

त्याआधीच्या पिढीचा हिरो होता पिचिची. खरं नाव राफाएल मोरेनो. डोक्याला पांढरा रुमाल बांधून खेळायचा. सान मामेस मैदान १९१३ साली सुरू झालं, तिथला पहिला गोल त्याचा. १९२२ साली, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, तो टायफसनं गेला. मैदानात त्याचा अर्धपुतळा आहे. पाहुणा संघ सान मामेसवर पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचा कर्णधार त्या पुतळ्यापुढं फुलं ठेवतो. स्पेनच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणाऱ्या बक्षिसालाही पिचिचीचंच नाव आहे.

मैदानाचं नाव संत मामेसवरून पडलं. आख्यायिका अशी की रोमन लोकांनी त्याला सिंहांपुढं टाकलं, पण सिंहांनी त्याला स्पर्शही केला नाही. म्हणून अ‍ॅथलेटिकचे खेळाडू ‘सिंह’, आणि मैदान ‘कॅथेड्रल’.

(दृश्य : १९३० च्या दशकातली कृष्णधवल छायाचित्रं.)

मग युद्ध आलं. १९३६ मध्ये यादवी पेटली. बास्क सरकारचा पहिला प्रमुख होता होसे आन्तोनियो आगिर्रे, हा अ‍ॅथलेटिककडून खेळलेला माणूस. १९३७ च्या एप्रिलमध्ये गेर्निका गाव बॉम्बफेकीत बेचिराख झालं, जूनमध्ये बिल्बाओ पडलं. अ‍ॅथलेटिकचे कितीतरी खेळाडू त्या वेळी देशाबाहेर होते. बास्क प्रांताचा संघ म्हणून ते युरोपभर सामने खेळत होते, पुढं मेक्सिकोला गेले. बरेच जण परतलेच नाहीत. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत परकी नावं वापरायला बंदी आली, आणि १९४१ मध्ये ‘अ‍ॅथलेटिक’चं ‘अ‍ॅट्लेटिको’ करावं लागलं. मूळ नाव परत मिळायला १९७० चं दशक उजाडलं.

संघ पुन्हा शून्यातून उभा करायचा होता, आणि तोही आजूबाजूच्या गावांतल्याच पोरांतून. त्या पिढीत तेल्मो सार्रा निघाला. लीगमध्ये २५१ गोल. हा विक्रम २०१४ मध्ये मेस्सीनं मोडेपर्यंत टिकला.

१९५८ चा चषकाचा अंतिम सामना मला फार आवडतो. समोर रेआल माद्रिद. त्यांनी नुकताच सलग तिसरा युरोपियन कप जिंकलेला, संघात दि स्तेफानोसारखा तारा. सामना त्यांच्याच मैदानावर, राजधानीत, फ्रँकोच्या डोळ्यांदेखत. आणि अ‍ॅथलेटिक २-० नं जिंकलं. त्या संघाला नाव पडलं ‘अकरा खेडूत’. ज्यांना हिणवण्यासाठी खेडूत म्हणतात, त्यांनी ते नाव छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं.

स्पॅनिश भाषेत क्लबच्या तरुण खेळाडूंच्या फळीला ‘कान्तेरा’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ दगडाची खाण. बिल्बाओच्या डोंगरातलं लोखंड संपलं, ही खाण अजून चालू आहे. शहराबाहेर लेसामा गावात १९७१ पासून क्लबचं प्रशिक्षण केंद्र आहे. दहा-अकरा वर्षांची पोरं तिथं येतात आणि त्यांतली मोजकीच वरपर्यंत पोचतात. ही खाण उपसायची कुठून, तर स्पेन आणि फ्रान्स मिळून सात बास्क प्रांतांतून. सगळी लोकसंख्या धरली तरी तीस लाखांच्या आसपास. एवढ्या मुलखाच्या जोरावर अ‍ॅथलेटिक आजवर एकदाही पहिल्या श्रेणीतून खाली गेलेलं नाही. स्पेनमध्ये असं सांगू शकणारे क्लब तीनच, रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि हे.

शेजारच्या सान सेबास्तियानचा रेआल सोसिएदादही पूर्वी असाच नियम पाळायचा. १९८९ मध्ये त्यांनी आयर्लंडकडून खेळणाऱ्या जॉन ऑल्ड्रिजला घेतलं आणि तो नियम संपला. त्याच दोन क्लबांची एक आठवण मात्र सांगितलीच पाहिजे. ५ डिसेंबर १९७६. फ्रँको वारून वर्ष झालेलं, पण बास्क झेंडा, इकुरिन्या, फडकवणं अजून गुन्हा होता. सोसिएदादच्या एका खेळाडूच्या बहिणीनं तो घरी शिवला आणि लपवून मैदानात आणला. सामन्याआधी दोन कर्णधार, सोसिएदादचा कोर्ताबार्रिया आणि अ‍ॅथलेटिकचा गोलरक्षक इरिबार, झेंड्याची दोन टोकं धरून मैदानात आले. पुढच्या महिन्यात झेंड्यावरची बंदी उठली. त्या दिवशी अ‍ॅथलेटिक ५-० नं हरलं, पण बिल्बाओत तो सामना झेंड्यासाठीच आठवला जातो.

(दृश्य : रस्त्यात चेंडू खेळणारी मुलं.)

आता अवघड प्रश्न. ‘आपला’ कोण?

मिगेल जोन्स नावाचा एक खेळाडू होता. आफ्रिकेतल्या, त्या वेळी स्पेनची वसाहत असलेल्या गिनीत जन्मलेला. लहानपणीच बिल्बाओत आला, इथंच वाढला, इथंच खेळ शिकला. १९५० च्या दशकात अ‍ॅथलेटिकच्या प्रशिक्षकाला तो हवा होता. क्लबनं घेतलं नाही. कारण जन्म इथला नाही. जोन्स अ‍ॅट्लेटिको माद्रिदला गेला, आणि १९६२ मध्ये त्यांनी युरोपातला चषकविजेत्यांचा कप जिंकला तेव्हा अंतिम लढतीत एक गोल त्याचा होता. हे कारण वर्णाचं नव्हतं, जन्मगावाचं होतं, असं तो स्वतः सांगायचा. त्याचा शब्द मी मानतो. तरीही वाटतं, क्लबनं त्या दिवशी आपलंच माणूस गमावलं. अ‍ॅथलेटिकच्या पहिल्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, जोनास रामाल्यो, उतरायला २०११ साल लागलं.

दरम्यान रूढी रुंदावत गेली होती. बास्क मुलखात जन्म, किंवा तिथल्या क्लबांत झालेली घडण, यांपैकी एक पुरे. फ्रान्सच्या बाजूचे बास्कही आले. २०२४ मध्ये संघाचा प्रशिक्षक असलेल्या एर्नेस्तो वाल्वेर्देचा जन्म बास्क मुलखाबाहेरचा, एक्स्त्रेमादुराचा, पण वाढला बास्क शहर व्हितोरियात, आणि खेळाडू म्हणूनही अ‍ॅथलेटिकची जर्सी घालून गेला.

आणि मग विल्यम्स बंधू. त्यांचे आईवडील घानाहून निघाले. सहारा वाळवंट ओलांडताना बराच पल्ला पायी काढला, तापलेल्या वाळूनं वडिलांच्या तळपायांची कायमची वाट लागली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मेलिया नावाचं स्पेनचं शहर आहे, त्याचं कुंपण चढून ते स्पेनच्या हद्दीत उतरले. बिल्बाओत त्यांना आधार देणाऱ्या धर्मगुरूचं नाव होतं इन्याकी. १९९४ मध्ये मुलगा झाला, त्याला त्यांनी तेच नाव दिलं. या प्रवासाची पूर्ण हकिगत इन्याकीला आईनं सांगितली ती तो मोठा झाल्यावर, अ‍ॅथलेटिकचा खेळाडू असताना. धाकटा निको २००२ मध्ये पाम्प्लोनात जन्मला. दोघंही बास्क मुलखाचे, त्यावर वाद घालायला जागा नाही. थोरला घानाच्या राष्ट्रीय संघाकडून खेळतो, धाकटा स्पेनच्या. एप्रिल २०१६ ते जानेवारी २०२३ इन्याकी लीगचे सलग २५१ सामने खेळला, एकही न चुकता. सार्राच्या गोलांइतकाच आकडा!

(दृश्य : स्टेडियमबाहेरची गर्दी, लाल-पांढरे मफलर.)

मालक कोण, हेही सांगायला हवं. १९९० च्या कायद्यानं स्पेनमधल्या बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावं लागलं. चार वाचले, त्यांतला हा एक. ४० हजारांहून अधिक सभासद अध्यक्ष निवडतात. २००८ पर्यंत जर्सीवर एकाही कंपनीची जाहिरात नव्हती. पैसा नाही असं नाही. २०१८ मध्ये गोलरक्षक केपासाठी इंग्लंडच्या चेल्सी क्लबनं ८ कोटी युरो मोजले. पण तो पैसा घेऊन अ‍ॅथलेटिकनं जायचं कुठं? बाजारात ज्यांना घेता येईल असे खेळाडू मूठभर, आणि विकणाऱ्याला त्यांची गरज पुरती ठाऊक. शेवटी लेसामातच परतावं लागतं. महिलांच्या संघालाही हीच रूढी लागू आहे. २००२ मध्ये तो सुरू झाला, त्यानं पाच लीग जिंकल्या, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याचा चषकाचा सामना बघायला सान मामेसवर ४८,१२१ लोक आले.

(दृश्य : नदीकाठचं सागरी संग्रहालय. जुनी सपाट बोट.)

ही बोट पाहा. गाबार्रा. नदीतून माल वाहणारा सपाट पडाव, याला इंजिन नाही, दुसऱ्या बोटीनं ओढून न्यावा लागतो. १९८३ मध्ये खाविएर क्लेमेंतेच्या संघानं लीग जिंकली तेव्हा खेळाडू या पडावात उभे राहून नदीतून शहरात आले. १९८४ मध्ये लीग आणि चषक दोन्ही आले, पुन्हा तीच मिरवणूक. ते दिवस बिल्बाओसाठी वाईट होते. पोलाद कारखाने आणि गोद्या बंद पडत होत्या, एउस्काल्दुना गोदीचे कामगार रस्त्यावर उतरले होते. पुढं ती गोदीही गेली. तिथल्या जागेवर संग्रहालय झालं, आणि पडाव तिथंच येऊन थांबला.

चाळीस वर्षं थांबला. २००९, २०१२, २०१५ आणि २०२१ मध्ये तर दोनदा चषकाची अंतिम फेरी गाठून अ‍ॅथलेटिक हरलं. शहरातली एक अख्खी पिढी आईबापांकडून पडावाच्या गोष्टी ऐकत मोठी झाली.

६ एप्रिल २०२४. सेव्हिया शहर. पुन्हा चषकाची अंतिम लढत. समोर मायोर्काचा संघ. आधी मायोर्काचा गोल, मग निकोच्या पासवर ओइहान सान्सेतची बरोबरी. १-१. पेनल्टी. शेवटची किक आलेक्स बेरेंगेरची, पाम्प्लोनाच्या पोराची. चेंडू जाळ्यात.

पाच दिवसांनी, ११ एप्रिलला, पडाव पुन्हा पाण्यात उतरला. समुद्राच्या तोंडाकडून शहराकडं, ज्या वाटेनं एकेकाळी कोळसा आणि इंग्रज आले त्याच वाटेनं. दोन्ही काठांवर, पुलांवर, छपरांवर लाखो माणसं. चाळीस वर्षांपूर्वी बापाच्या खांद्यावर बसून पाहणारे आता स्वतःच्या पोरांना खांद्यावर घेऊन उभे. पडावावर खेळाडूंची दाटी, सगळे घरचे. त्यांत इन्याकी आणि निको, शेजारी शेजारी. पडाव हळूहळू सरकतो आहे, काठावरची माणसं त्याच्याबरोबर चालत निघाली आहेत, आणि सान मामेसचं वळण आता आलं आहे.