बंद-चालू करण्याआधी यंत्राला विचारा

नमस्कार. विषय जाहीर झालाय तो कमांड लाइनवरून, म्हणजे हुकूम टाइप करून, दृक्‌श्राव्य यंत्रणा सांभाळण्याचा. पण आधी एका सवयीबद्दल बोलू द्या, कारण ती मला फार छळते. काही अडलं की आपला हात थेट वीज बंद करायला जातो. यंत्र परत सुरू होतं, सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि बिघाडाचं कारण मात्र पुसलं गेलेलं असतं.

एका सभागृहात कार्यक्रम तोंडावर आला होता आणि पडदा काळाठिक्कर. टचपॅनेलवर प्रोजेक्टरचं चिन्ह हिरवं, म्हणून तिघं जण एचडीएमआय केबल बदलत बसलेले. अहो, बऱ्याच पॅनेलांवर त्या हिरव्याचा अर्थ एवढाच, की 'चालू हो' हा हुकूम सुटला. तो पाळला गेला का, हे प्रोजेक्टरच सांगणार! लॅपटॉपवरून पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का?' अशी हाक मारली; उत्तर आलं. म्हणजे तिथवर नेटवर्क शाबूत. मग टेलनेटने, म्हणजे दुसऱ्या यंत्राशी टाइप करून बोलायच्या साधनाने, त्याचं ४३५२ पोर्ट, म्हणजे त्या क्रमांकाचं दार, गाठलं. हे पीजेलिंकचं पोर्ट, आणि पीजेलिंक ही कितीतरी कंपन्यांच्या प्रोजेक्टरना कळणारी सामायिक बोली. टाइप केलं: टक्क्याचं चिन्ह, १, पी-ओ-डब्ल्यू-आर, एक जागा सोडून प्रश्नचिन्ह; म्हणजे 'चालू आहेस का?' उत्तरात शून्य आलं: स्टँडबाय, म्हणजे वीज आहे पण प्रोजेक्टर झोपलेला. एक आला असता तर चालू, दोन म्हणजे थंड होतोय, तीन म्हणजे तापतोय.

आता माझी सगळ्यात आवडती कमांड, ई-आर-एस-टी. ती सहा आकडे देते: पंखा, दिवा, तापमान, झाकण, फिल्टर आणि इतर, याच क्रमाने. शून्य म्हणजे तक्रार नाही, एक म्हणजे इशारा, दोन म्हणजे बिघाड. आमच्यासमोर आलं ००२०१०. वाचा बरं तुम्हीच! बरोबर, तापमानाचा बिघाड आणि फिल्टरचा इशारा. जाळी उघडली तर धुळीचा थर बसलेला. केबल बिचाऱ्या निर्दोष सुटल्या.

इथेच एक सांगून ठेवतो. पीजेलिंकची ओळ कॅरेज रिटर्न या ओळ संपवणाऱ्या अदृश्य चिन्हाने संपावी लागते. नेटकॅट या टेलनेटसारख्याच साधनात एंटर दाबलं की सहसा नुसता लाइन फीड, म्हणजे नव्या ओळीचं वेगळंच चिन्ह, जातो. प्रोजेक्टर ओळ संपायची वाट पाहत गप्प राहतो, आणि आपण त्याला मेला समजतो. पासवर्ड लावलेला असेल तर जोडणी होताच तो एक यादृच्छिक आकडा पुढे करतो. त्यापुढे पासवर्ड जोडून त्याचा एमडी५, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, काढायचा आणि तो कमांडच्या आधी लावायचा.

वेळ संपत आल्याची खूण होतेय, तेव्हा मूळ विषय भरभर सांगतो. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नसतो. नेटवर्कवरचा व्हिडिओ काही मिनिटं नीट चालून अचानक थांबला, तर स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या केबल जोडणाऱ्या पेटीवर, आयजीएमपी स्नूपिंग (मागेल त्यालाच व्हिडिओ पोचवणारी सोय) आहे पण क्वेरिअर (कोणाला अजून हवाय, हे अधूनमधून विचारणारा) नाही, अशी शंका घ्या. दान्तेच्या, म्हणजे नेटवर्कवरून आवाज नेणाऱ्या यंत्रणेच्या, आवाजात टकटक येत असेल, तर क्लॉक, म्हणजे यंत्रांना एका तालात ठेवणारं घड्याळ, बघा आणि स्विचवरची वीजबचतीची ईईई सोय बंद करा. टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, म्हणून शक्य तिथे एसएसएच ही सांकेतिक रूपात बोलणारी जोडणी वापरा आणि ही यंत्रं वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात, ठेवा.

आणि ते सहा आकडे रोज सकाळी प्रत्येक प्रोजेक्टरला विचारून तारखेसह फाइलमध्ये उतरवणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. फिल्टरच्या जागी एक दिसला, की त्याच दिवशी शिडी लावा.